बातमीतलं क्रियापद

श्रोतेहो, नमस्कार.

२३ नोव्हेंबर २०१९ची सकाळ आठवते ना? शनिवार होता. दारात पडलेल्या पेपरच्या पहिल्या पानावर भला मोठा मथळा होता, की उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार. आणि तो पेपर वाचत चहा संपेपर्यंत टीव्हीवर राजभवनातली दृश्यं सुरू झाली. पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठली होती आणि आठच्या सुमारास देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांनी शपथ घेतली होती.

पेपरवाल्यांनी फसवलं, असं त्या दिवशी पुष्कळ जण म्हणाले. मला ते पटत नाही. आदल्या संध्याकाळी मुंबईत तीन पक्षांच्या नेत्यांची बैठक झाली होती, आणि ठाकरे यांच्या नावावर एकमत झाल्याचं शरद पवारांनी पत्रकारांना सांगितलं होतं. ‘एकमत झाले, असे पवार म्हणाले’ हे वाक्य रात्रीही खरं होतं, सकाळीही खरंच राहिलं. ‘ठाकरे मुख्यमंत्री होणार’ हे वाक्य मात्र रात्रीतून उघडं पडलं. दोन्हींत फरक एका शब्दाचा, ‘म्हणाले’ या शब्दाचा. पाच दिवसांनी, २८ तारखेला, ठाकरे यांचा शपथविधी झालाही. पण म्हणून त्या मथळ्यामागे आधीपासून पुरावा होता, असं होत नाही.

तेव्हापासून मी पेपर वाचताना पेन्सिल घेऊन बसते आणि क्रियापदाखाली रेघ मारते. म्हणाले, लेखी कळवले, आदेशात नमूद केले. यांच्यामागे कुणीतरी माणूस आहे, नाहीतर कागद आहे. समजते, बोलले जाते, चर्चेला उधाण आले. यांच्यामागे कोण आहे? ‘सूत्रां’वर माझा राग नाही. नोकरीवर गदा येईल म्हणून नाव न सांगणारा माणूस खरं बोलत असू शकतो. पण तो बैठकीच्या खोलीत होता की दाराबाहेर, बातमीदाराने कागद स्वतः पाहिला की नुसता ऐकला, आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याला विचारलं की नाही, एवढं तरी वाचकाला कळायलाच हवं.

आता २००९ची विधानसभा निवडणूक. पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मध्ये एक गोष्ट उघडकीला आणली. तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांचं कौतुक करणारा मजकूर एकमेकांशी स्पर्धा असलेल्या तीन मोठ्या मराठी दैनिकांत शब्दशः सारखा आला होता. तीन पेपर, तीन कचेऱ्या, आणि स्वल्पविरामापर्यंत तेच वाक्य? हे शोधायला साईनाथांना कुणाच्या गोटात शिरावं लागलं नाही. अंक शेजारी शेजारी ठेवून वाचले, मग उमेदवाराचा खर्चाचा हिशेब पाहिला. वृत्तपत्रांतल्या जाहिरातींवर दाखवलेला खर्च होता ५,३७९ रुपये. तो मजकूर पैसे देऊन छापून घेतला असेल, तर तो खर्च या हिशेबात दिसायला हवा होता, आणि त्या वेळी विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा १० लाखांची होती, म्हणून हा आकडा महत्त्वाचा. पुरावा म्हणजे असा, तुम्हीआम्हीही हातात घेऊन तपासू शकू असा.

पण या गोष्टीचा पुढचा भाग सांगितला नाही, तर मीच अन्याय करीन. आपण कुणाला पैसे दिले नाहीत, असं चव्हाण यांचं म्हणणं होतं. प्रतिस्पर्धी उमेदवार माधवराव किन्हाळकर निवडणूक आयोगाकडे गेले. उमेदवाराच्या हिशेबाचा खरेपणा आयोग तपासू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४मध्ये सांगितलं. जुलैमध्ये आयोगाने हिशेब नियमाप्रमाणे नसल्याचा ठपका ठेवला. आणि सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा तो आदेश रद्द केला. ‘पेड न्यूज’, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेला मजकूर, म्हटलं की हे प्रकरण आठवणारी माणसं मला खूप भेटतात, उच्च न्यायालयाचा निकाल ठाऊक असलेली फार थोडी. तीन अंकांतला सारखा मजकूर हे सत्य आहे. त्यासाठी पैसे मोजले गेले, हे मात्र त्या सारखेपणावरून सिद्ध होत नाही. ही दोन वाक्यं मी वेगळी ठेवते. तुम्हीही ठेवा, आवडता पक्ष असो की नावडता. नावडत्या नेत्याविरुद्धची बातमी वाचताना माझीही पेन्सिल हातातच राहते, रेघ मारायची राहून जाते. ती सवय मोडायला मला अजून रोज प्रयत्न करावा लागतो.

आज सकाळी पहिल्या पानावरच्या एका बातमीत मी चार रेघा मारल्या. त्यांतल्या तीन ‘समजते’खाली होत्या. चौथी ‘म्हणाले’खाली होती, आणि ती सगळ्यांत शेवटच्या परिच्छेदात होती, आतल्या पानावर.

नमस्कार.