मलेरिया आणि कॅन्सर, एकाच यादीत

नमस्कार श्रोतेहो. शिरपूरकडच्या एका शेतकरी बापानं मध्यंतरी माझ्यापुढे छापील कागद ठेवले. पोरीला पीएचडी करायची आहे, आणि तिनं ज्यांच्याकडे अर्ज केलाय त्या सरांच्या शोधनिबंधांची ही यादी. एका ओळीत उंदरातला ट्यूमर, लगेच खाली मलेरिया. "मास्तर, हाई काय शे?" एक ना धड भाराभर चिंध्या, असा तर प्रकार नाही ना, ही त्यांची धास्ती.

शंका रास्त होती, पण या दोन विषयांचं मूळ एकच आहे. आपल्या रक्तातल्या टी पेशी म्हणजे केळीच्या बागेतले राखणदार. चोर दोन तऱ्हेचे. मलेरियाचा परजीवी बाहेरून येतो, कॅन्सरची पेशी घरातलीच, पण राखणदाराला गप्प बसवायची युक्ती दोघांनाही साधते. टी पेशीवर पीडी-१ नावाचं प्रथिन असतं. त्याला योग्य जोडीदार येऊन चिकटला की पेशीचा जोर ओसरतो. जपानच्या तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेनं ते १९९२ मध्ये शोधलं. अमेरिकेत जेम्स ॲलिसन यांनी टी पेशीला असाच लगाम घालणाऱ्या सीटीएलए-४ या दुसऱ्या प्रथिनावर काम केलं, आणि ते अडवलं की उंदरातला ट्यूमर मागे हटतो हे १९९६ मध्ये दाखवलं. २०१८ चं नोबेल दोघांना मिळून मिळालं.

आता मलेरियाकडे या. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी मलेरिया झालेल्या उंदरांना पीडी-१ चा जोडीदार आणि लॅग-३ नावाचं असंच आणखी एक प्रथिन अडवणारी प्रतिपिंडं, म्हणजे नेमक्या प्रथिनाला जाऊन चिकटणारी अँटिबॉडी, टोचली. थकलेल्या टी पेशी पुन्हा कामाला लागल्या आणि रक्तातला परजीवी हटला. कल्पना कॅन्सरवाल्यांची, रोग मलेरिया! उलटा प्रवासही झालाय. गरोदरपणातला मलेरिया किती वाईट, हे धडगाव-अक्कलकुव्याकडच्या आशाताईंना सांगायला नको. परजीवी शिरलेल्या रक्तपेशी वारेतल्या एका शर्करेला चिकटून बसतात. तीच शर्करा कित्येक प्रकारच्या कॅन्सर पेशींवरही असते, आणि मलेरियाचं ते चिकटणारं प्रथिन औषध पोचवायला वापरता येईल, असं कोपनहेगनच्या गटानं २०१५ मध्ये मांडलं.

याच कोपनहेगनमध्ये योहानेस फिबिगर यांनी झुरळांतून उंदरांत जाणाऱ्या जंतामुळे पोटाचा कॅन्सर होतो असं सांगितलं होतं. १९२६ चं नोबेल त्यांच्या नावावर आहे. पुढे कळलं, उंदरांच्या खाण्यात अ जीवनसत्त्वच कमी होतं, आणि त्या गाठींचं कारण मुख्यतः तेच. तेव्हा यादीत मोठं नाव दिसलं म्हणून लगेच हात जोडू नका.

निबंध किती, हे मोजणं सोपं, म्हणून सगळे तेच मोजतात. मी आधी नावांचा क्रम बघतो. या विषयात बहुतेकदा पहिलं नाव प्रत्यक्ष प्रयोग करणाऱ्याचं आणि शेवटचं प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं. मधली नावं कधी खऱ्या मदतीची, कधी नुसत्या भिडेची. मग बघतो, काम उंदरापर्यंत थांबलं की माणसापर्यंत आलं. बहुतेक उंदरापाशीच थांबतं, त्यात लाज नाही.

माणसापर्यंत आलेलं, आणि आपल्या कामाचं, एक उदाहरण मुंबईच्या टाटा मेमोरियलचं. गुटखा-तंबाखूनं आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण किती, ते तुम्ही आजूबाजूला बघताच. पीडी-१ अडवणारं निवोलुमॅब परवडत नाही, म्हणून टाटाच्या डॉक्टरांनी डोकं आणि मानेच्या बळावलेल्या कॅन्सरमध्ये नेहमीच्या मात्रेचा छोटासा अंश, फक्त २० मिलिग्रॅम दर तीन आठवड्यांनी, तोंडावाटे घ्यायच्या स्वस्त औषधांच्या जोडीला दिला. वर्षभर जगलेल्यांचं प्रमाण नुसत्या त्या औषधांवर १६.३ टक्के होतं, ते ४३.४ टक्क्यांवर गेलं. माझ्या लेखी असा एक निबंध डझनभर चमकदार निबंधांना भारी.

शिरपूरच्या त्या यादीत बहुतेक ठिकाणी सरांचं नाव शेवटी, आणि पहिली नावं वेगवेगळ्या पोरापोरींची. मला हे बरं वाटलं. बापाला म्हटलं, पोरीला त्यांतल्या दोघा-तिघांना फोन करायला सांगा. सर भेटतात का, निबंध किती दिवस टेबलावर पडून राहतो आणि फेलोशिपचे पैसे वेळेवर येतात का, एवढं तिनं स्वतः विचारावं.