चेहरा एकीचा, आवाज दुसरीचा

नमस्कार मंडळी. आज एका खूप जुन्या इंग्लिश पिक्चरबद्दल बोलायचंय, आणि तो रेडिओवरच का सांगावासा वाटला ते ऐकता ऐकता कळेल तुम्हाला.

पिक्चरचं नाव ‘ब्लॅकमेल’, साल १९२९. मूळ नाटक चार्ल्स बेनेटचं, आदल्याच वर्षी लंडनच्या स्टेजवर आलेलं. दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक, तेव्हा जेमतेम तिशीचा. एल्स्ट्रीच्या स्टुडिओत शूटिंग सुरू झालं ते मूकपटाचं, आणि काम चालू असतानाच बोलपटाचं वारं आलं, मग काय, बरेच सीन आवाजासकट परत घेतले.

गोष्ट साधी आहे. ॲलिस म्हणजे लंडनमधल्या एका पेपर-तंबाखूच्या दुकानदाराची मुलगी, तिचा मित्र फ्रँक स्कॉटलंड यार्डात डिटेक्टिव्ह. दोघांचं भांडण होतं आणि ती एका चित्रकाराबरोबर त्याच्या स्टुडिओत जाते, तो तिच्यावर जबरदस्ती करतो, पडद्याआड झटापट चाललेली, आपल्याला दिसतो फक्त तिचा बाहेर आलेला हात, चाचपडणारा, आणि त्या हाताला बाजूला ठेवलेली ब्रेड कापायची सुरी लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी नाश्ता चाललाय. शेजारची बाई दारात उभी राहून रात्रीच्या खुनाबद्दल बोलतेय, बोलतेय, थांबायचं नावच नाही. आणि हळूहळू तिचे शब्द पुसट होत जातात, नुसती पुटपुट ऐकू येते, त्यातून एकच शब्द स्पष्ट निघतो, सुरी... सुरी... सुरी. तेवढ्यात वडील म्हणतात, ॲलिस, जरा ब्रेड काप गं. ती सुरी उचलते आणि तो शब्द असा काही किंचाळल्यासारखा येतो की सुरी तिच्या हातातून उडते! डोळे मिटून ऐका हा सीन एकदा. त्या घरातल्या कुणालाच कळत नाही तिच्या मनात काय चाललंय, आपल्याला मात्र कळतं, कारण आपण तिच्या कानांनी ऐकत असतो. बोलपट नवा नवा होता तेव्हा लोकांना पात्रं बोलतायत याचंच अप्रूप, आणि या हिचकॉकने तेव्हाच बोलणं पुसून दाखवलं.

आता खरी गोष्ट. ॲलिसचं काम केलं ॲनी ओंड्राने, ती चेक, मूकपटात उच्चारांचा काही प्रश्नच नव्हता, पण लंडनच्या दुकानदाराच्या मुलीच्या तोंडी तिचे उच्चार चालेनात. आणि आवाज मागाहून नीट बसवायची सोय तेव्हा नव्हती. म्हणून जोन बॅरी नावाची इंग्लिश नटी कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर माइकसमोर उभी राहून वाक्यं बोलायची, आणि त्याच क्षणी ओंड्रा समोर नुसते ओठ हलवायची. दोघींचा श्वास जुळला पाहिजे, एकीच्या डोळ्यांत पाणी आलं की दुसरीचा आवाज भरून आला पाहिजे, आणि चुकलं तर टेक पुन्हा पहिल्यापासून. एवढं करून पडद्यावर जोन बॅरीचं नाव नाही. मला हे फार लागतं हो. आम्ही इथे रोज बिनचेहऱ्याचंच बोलतो, पण निदान आमचं नाव तरी सांगितलं जातं.

शेवटचा पाठलाग ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. आत शूटिंगला पुरेसा उजेड नव्हता, म्हणून दालनांचे फोटो काढून ते आरशातून असे दाखवले की नट तिथेच पळतायत असं वाटावं. त्या खुनावरून ॲलिस आणि फ्रँकला ब्लॅकमेल करणारा एक माणूस, ट्रेसी, तिथल्या वाचनालयाच्या घुमटातून खाली पडून मरतो. पिक्चरची मूक आवृत्तीही निघाली, आवाजाची यंत्रं नसलेल्या थिएटरांसाठी, तीसुद्धा बघाच.

जोन बॅरीचं पुढे काय झालं विचाराल तर, १९३१ मध्ये ‘रिच अँड स्ट्रेंज’ आला, दिग्दर्शक पुन्हा हिचकॉकच, आणि त्यात हिरॉइन ती होती, स्वतःच्या चेहऱ्याने, स्वतःच्याच आवाजात.