तंतुकणिकांच्या सफाईचा लगाम

सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर हिरवे चमकणारे हे धागे म्हणजे तंतुकणिका, आपल्या पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या. त्यांतली एखादी बिघडली, तर पेशी नेमकी तीच हेरते, तिच्याभोवती दुहेरी पटल गुंडाळते आणि लयकारिकेत, म्हणजे पेशीतल्या पाचक पिशवीत, नेऊन पचवते. या निवडक स्वभक्षणाला मायटोफॅजी म्हणतात.

बिघडलेली ओळखायची कशी? पिंक-१ नावाचं प्रथिन निरोगी तंतुकणिकेत सतत शिरत असतं. आत ते कापलं जातं आणि नष्ट होतं. पण तंतुकणिकेच्या आतल्या पटलावरचा विद्युतभार ढासळला, की त्याची आत जाण्याची वाट बंद होते आणि ते बाहेरच्या पटलावर साचू लागतं. मग पार्किन हे दुसरं प्रथिन तिथे येतं आणि युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाच्या खुणा चढवतं. खुणा पुरेशा झाल्या, की सफाई सुरू.

आणि त्याच बाहेरच्या पटलात रुतून बसलेलं यूएसपी-३० हे प्रथिन या खुणा पुसत असतं!

सफाईत खोडा घालणारं प्रथिन पेशीने बाळगावंच का? मला तर ही रचना फार शहाणपणाची वाटते. किरकोळ बिघाडापायी कामाची तंतुकणिका बळी जायला नको.

मात्र पार्किन किंवा पिंक-१ची जनुकं सदोष असली, तर खुणाच अपुऱ्या पडतात. अशा माणसांना कमी वयात पार्किन्सन्स होऊ शकतो. तिथे पुसणाऱ्यालाच आवरलं तर? २०१४ साली फळमाश्यांमध्ये हे करून पाहिलं गेलं. ही जनुकं नसलेल्या माश्यांमध्ये यूएसपी-३० कमी केल्यावर तंतुकणिकांची अवस्था सुधारली. यूएसपी-३०ला रोखणारे औषधी रेणू आता माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोहोचले आहेत.

पण लगाम पार सुटला तर काय होतं, तेही दिसलेलं आहे. मायटोफॅजीची आणखी एक वाट आहे, बीनिप-३ आणि निक्स या प्रथिनांची. त्यांना एफबीएक्सएल-४ हे प्रथिन वेळोवेळी नष्ट करून आटोक्यात ठेवतं. त्याचं जनुक दोन्ही पालकांकडून सदोष आलेल्या बाळांमध्ये ही सफाई थांबतच नाही. चांगल्या तंतुकणिकाही पचवल्या जातात, त्यांचा डीएनए घटतो, रक्तात लॅक्टिक आम्ल साचतं, स्नायू ढिले पडतात, वाढ खुंटते. या बाळांना हवं आहे ते नेमकं उलटं औषध: मायटोफॅजी मंदावणारं.