विमा कंपनीचे झियाउद्दीनसाहेब

नमस्कार श्रोतेहो. खोटं नाव घेणं सोपं असतं. अवघड असतं ते त्या नावाला शोभेल असं बोलणं आणि वागणं. पांडवांनी हे फार नेमकं ओळखलं होतं. विराटाकडे भीम बल्लव होऊन मुदपाकखान्यात शिरला, नकुल ग्रंथिक होऊन घोड्यांपाशी गेला. ज्याला जे येत होतं, तेच त्यानं धरलं. नाव नवं, काम ओळखीचं. पुन्हा सांगतो, नाव नवं, काम ओळखीचं.

आता मला सांगायची आहे ती १९४१ सालच्या जानेवारीतली हकिगत. कोलकात्यात एल्गिन रोडच्या घराभोवती पोलिसांचा पहारा होता आणि आत सुभाषबाबू दाढी वाढवत होते. १६ तारखेच्या मध्यरात्रीनंतर पुतण्या शिशिर मोटार घेऊन निघाला. मागे बसले होते महंमद झियाउद्दीन, विमा कंपनीचे फिरते निरीक्षक. नावाची कार्डंसुद्धा छापून घेतली होती! पठाणी पेहराव, डोक्यावर टोपी.

सकाळी मोटार धनबादजवळ बरारीला पोचली. तिथं दुसरा पुतण्या अशोक राहत होता. शिशिरनं काकांना घराच्या अलीकडेच उतरवलं आणि ते एकटे चालत दारात गेले. घरात नोकरमाणसं होती. म्हणून सख्ख्या पुतण्यानं काकांना परक्यासारखं वागवलं. विम्याचं काम आहे ना, मग आता मला कचेरीत जायचंय, संध्याकाळी बोलू, असं इंग्रजीत सांगून त्यानं पाहुण्यांना एका खोलीत बसवलं. जेवणही तिथंच. संध्याकाळी शिशिरशी ओळख करून देण्यात आली, जणू दोघं पहिल्यांदाच भेटत होते. विचार करा, रात्रभर ज्याच्या मोटारीत बसून आले, त्याच्याशी नव्यानं ओळख! मग झियाउद्दीनसाहेब सगळ्यांचा रीतसर निरोप घेऊन पायी निघाले. थोड्या अंतरावर पुतण्यांच्या मोटारीनं त्यांना गाठलं आणि अपरात्री गोमो स्टेशनवर सोडलं.

पुढे पेशावरनंतर मात्र झियाउद्दीन मुके-बहिरे झाले. तिकडची पश्तू भाषा येत नव्हती, मग बोलायचंच नाही. सोबतचे भगतराम तलवार रहमत खान होऊन त्यांच्या वतीनं बोलत. क्रांतिकारक रासबिहारी बोसांची तऱ्हा अगदी उलटी. १९१५ साली ते जपानला गेले ते पी. एन. टागोर म्हणून, रवींद्रनाथांचे नातलग असल्याचं सांगून. ते मोठ्या नावाच्या सावलीत लपले.

एक मनातलं बोलतो. आपल्या पाठ्यपुस्तकांत हा प्रवास एका ओळीत उरकतात आणि घरच्या मुलांची नावं गाळतात, याचा मला मनापासून राग येतो. त्या वयातल्या मुलांना त्या वयातली माणसं भेटू द्या ना!

कारण जाणारा गेला, पण मागे त्याची खोली रिकामी दिसता कामा नये. सुभाषबाबू एकांतात बसलेत, कुणाला भेटत नाहीत, असं आधीच सांगून ठेवलं होतं. जेवणाचं ताट रोज पडद्याआड ठेवलं जाई. पुतणी आणि पुतणे गुपचूप ते संपवत आणि रिकामं ताट बाहेर येई. २६ जानेवारीला ताट तसंच राहू दिलं, तेव्हा घरात आरडाओरडा झाला. तोवर मुका-बहिरा झियाउद्दीन पेशावर सोडून सरहद्दीच्या वाटेला लागला होता.