येळवशीच्या पहाटे अडलेला ट्रॅक्टर

(पडदा काळा. लांबवर कुत्रं भुंकतं. मग सेल्फचा आवाज : घर्र… घर्र… घ… आणि शांतता.)

हा आवाज नीट ऐका. पुन्हा ऐकवतो.

(तोच आवाज.)

लातूर जिल्हा. मांजरा नदीच्या काठावरचं एक गाव. आज मार्गशीर्ष अमावस्या, म्हणजे आमच्याकडची येळवस. आज गावात माणूस शोधून सापडत नाही. आंबिलाचं मडकं, भज्जी, उंडे, भाकरी, सगळं रानात जातं. कडब्याच्या कोपीत पूजा होते आणि पाहुण्यारावळ्यांसह अख्खं घर शेतात जेवायला बसतं. या घरातल्या बायका पहाटे तीनपासून उठल्या आहेत. मडकी-पातेली ट्रॉलीत चढली, गवताची गादी करून ती नीट बसवलीसुद्धा. पुढचा ट्रॅक्टर मात्र चालू होत नाही.

(अंगण. दहिवरानं भिजलेलं बोनेट. बॅटरीचा उजेड फिरतो.)

तीन सिलिंडरचा, 21 एचपीचा छोटा ट्रॅक्टर. कोळपणी, फवारणी, घरची ने-आण, सगळं याच्यावर. घराचे मालक म्हणतात, "गारठलंय ते. ऊन वर आलं की होतंय चालू." शेजारचे एकजण कंबरेवर हात ठेवून निदान करतात, "पंप खोलावा लागतंय."

हे वाक्य मी लहानपणापासून दर हिवाळ्यात ऐकत आलोय. डिझेल पंप खोलायचा म्हणजे तो तालुक्याला न्यायचा, चार दिवस ट्रॅक्टर उभा आणि खिसा रिकामा. कितीतरी वेळा पंप परत बसवल्यावरही दुसऱ्या पहाटे तेच घर्र… घर्र. ही फिल्म त्या वाक्यासाठी केली आहे.

आता थंडीचंच बघू. परभणीत एखाद्या वर्षी पारा 5 अंशांच्या खाली उतरतो आणि सगळ्या महाराष्ट्राच्या बातम्यांत परभणी येते. आज या अंगणात 9 अंश आहेत. पंजाबात आणि हिमाचलात असेच ट्रॅक्टर याहून कडक थंडीत पहाटे कामाला निघतात. मग 9 अंशांना हा का अडून बसला?

(सायकलला हवा भरणारा मुलगा. तो पंपाच्या बुडाला हात लावतो आणि झटकन मागे घेतो.)

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन वर येताना हवा दाबली जाते, दाबल्यानं ती तापते आणि त्या तापल्या हवेत नोजल डिझेलचा फवारा सोडतं. सायकलच्या पंपाचं बूड गरम लागतं, तेच हे. अशा छोट्या इंजिनात साधारण वीस भाग हवा एका भागात कोंबली जाते. कागदावर हिशोब मांडला, तर मे महिन्यातली 40 अंशांची हवा दाबल्यावर 760 अंशांच्या आसपास जाते आणि आजच्यासारखी 10 अंशांची हवा 660 च्या आसपास. बाहेर 30 अंशांचा फरक, आत 100 अंशांचा. खऱ्या इंजिनात तर गार लोखंड उष्णता ओढून घेतं, पिस्टनच्या रिंगांजवळून थोडी हवा निसटते, त्यामुळे प्रत्यक्षातलं तापमान कागदापेक्षा बरंच खाली राहतं. आणि डिझेलच्या थेंबांची वाफ होऊन ती पेटायला वेळ मिळतो सेकंदाच्या काही हजारांश भागाचा.

म्हणून वेगाला महत्त्व. सेल्फनं इंजिन मिनिटाला 200 फेरे फिरवलं, तर हवा दाबायला सेकंदाचा सातवा भाग लागतो. 100 फेरेच फिरले तर वेळ दुप्पट, आणि तेवढ्या वेळात आतली ऊब लोखंडात मुरून जाते. आता तो पहिला आवाज आठवा. घर्र… घर्र… घ… तो आवाज डिझेलची तक्रार सांगत नव्हता. फिरवणाऱ्यात जोर नाही, एवढंच सांगत होता.

(मोटारसायकलचा दिवा गल्लीत वळतो. पाठीमागे पान्ह्यांची पिशवी बांधलेली.)

शेजारच्या गावचे मिस्त्री येईपर्यंत इथं दोन उपाय सुचवून झाले होते. एक, हवेच्या नळीपाशी पेटता बोळा धरायचा. दुसरा, पुतण्यानं सुचवलेला, "सेल्फ डायरेक्ट करू का?" म्हणजे चावी सोडून पान्ह्यानं सेल्फची टोकं थेट जोडायची.

दोन्हींबद्दल हात जोडून सांगतो, करू नका. पेटता बोळा आत ओढला गेला तर काय होईल, ते सांगायला नको. काहीजण इथरचा स्प्रे मारतात. ज्या इंजिनात हीटर प्लग, म्हणजे आतली हवा तापवणारे प्लग, आहेत तिथं तो वेळेआधीच भडकतो, रिंगा तुटतात, पिस्टन फुटतो. आणि पान्ह्यानं सेल्फ डायरेक्ट करणं ही तर जीव घेणारी सवय आहे. असं करताना माणूस खाली, चाकाच्या पुढ्यात उभा असतो. क्लचपाशी बसवलेलं सेफ्टी स्विच बाजूला पडतं. गिअर चुकून पडलेला असला, तर ट्रॅक्टर चालू होतो तो थेट अंगावर. मागचं चाक माणूस बघत नाही. सीटवर बसा, न्यूट्रल बघा, क्लच दाबा, मगच चावी. क्लच दाबायचं आणखी एक कारण आहे : गारठ्यात गिअरबॉक्समधलं ऑइल काकवीसारखं घट्ट होतं. क्लच दाबला की ते घुसळायचं ओझं सेल्फवर येत नाही.

मिस्त्री आले, पण पंपाकडे त्यांनी बघितलंही नाही. पहिला प्रश्न, "काका, बॅटरीत पाणी कधी घातलं होतं? उन्हाळ्यात बघितलं होतं का?"

हा प्रश्न मराठवाड्याच्या माणसानंच विचारावा. आपल्याकडे बॅटरी थंडीत मरत नाही, ती मे महिन्यात मरते. रब्बीची कामं उरकली की ट्रॅक्टर पत्र्याखाली उभा राहतो. बाहेर 43 अंश, पत्र्याखाली त्याहून जास्त. पाणी उडतं, प्लेटा उघड्या पडतात, उभ्या उभ्या चार्ज उतरतो आणि उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचा पांढरा थर घट्ट बसतो. जूनमध्ये इंजिन लवकर फिरतं, म्हणून ती निभावून नेते. डिसेंबरात ऑइल घट्ट, बॅटरीतली रासायनिक क्रिया मंद, आणि मेच्या दुखण्याचा दोष थंडीवर जातो.

(मल्टिमीटरचा जवळून फोटो.)

उभ्या बॅटरीवर 12.5 व्होल्ट आले. म्हणजे चांगली? एवढ्यावर ठरत नाही. सेल्फ मारताना मोजायचं. मालकांनी चावी फिरवली, घर्र… घर्र…, आणि काटा 10.4 वर थांबला. असं करताना 9.6 च्या खाली गेली असती तर बॅटरीवर संशय होता. ही टिकली. तरीही इंजिन रडतंय.

मग वीज जाते कुठं?

मिस्त्रींनी मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हच्या शिशाच्या बोंडावर टेकवलं, दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडावर. सेल्फ मारला. मीटरवर आले 1.6 व्होल्ट. इथं अर्ध्या व्होल्टाच्याही खालचा आकडा हवा. एवढा छोटा सेल्फही जोर लावताना दोनेकशे अँपिअर ओढतो. जोडणीत गंज बसून शंभरांश ओहमचा जरी अडथळा झाला, तरी 200 अँपिअरला तिथंच 2 व्होल्ट सांडतात. मीटर नसेल तर सेल्फ मारून झाल्यावर एकेका जोडणीवर हात ठेवून बघा. जी गरम लागेल, ती खराब.

अर्थची वायर चॅसिसला जिथं बोल्टनं कसली होती, तिथं बोल्टाखाली हिरवा-पांढरा गंज होता. फवारणीचं पाणी, खताची धूळ, पावसाळा. बॅटरीची टोकं मालक नेहमी पुसत, पण वायरीचं दुसरं टोक कुणालाच कधी दिसलं नव्हतं. निगेटिव्ह आधी काढलं, पॉलिश पेपरनं लोखंड पांढरं होईपर्यंत घासलं, बोल्ट आवळला, वरून ग्रीसचा लेप दिला. बॅटरीच्या बोंडांवरची पांढरी बुरशी खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुतली. दहा मिनिटांचं काम.

(सेल्फचा नवा आवाज : घर्घर्घर्घर्घर्.)

फरक कानालाच कळतो. इंजिन मात्र अजून पेटत नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतोय.

ट्रॉलीतली पोरं हिरमुसली. मिस्त्रींच्या चेहऱ्यावर मात्र समाधान होतं, आणि ते बरोबर होतं. सेल्फ मारताना येणारा पांढरा धूर म्हणजे न जळलेल्या डिझेलची वाफ. डिझेल टाकीपासून नोजलपर्यंत पोचतंय, फवारा पडतोय. म्हणजे पंप खोलायचं कारणच उरलं नाही. फक्त ऊब कमी पडते आहे.

ती ऊब द्यायला या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला एक हीटर प्लग असतो. चावी हीटरच्या खुणेवर धरली की त्याचं टोक लाल होतं. गारठ्यात पाच-दहा सेकंद तरी थांबायला हवं. कंपनीच्या पुस्तकात नेमका वेळ दिलेला असतो. आपण काय करतो? चावी सरळ सेल्फवर. उन्हाळ्यात तसंही चालतं, म्हणून हीटर बिघडला तरी सात-आठ महिने कुणाला पत्ता लागत नाही.

प्लग तपासायला इंजिन खोलावं लागत नाही. तिन्ही प्लगांना जोडणारी पट्टी काढायची. 12 व्होल्टच्या टेस्ट लॅम्पची एक वायर बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरी एकेका प्लगच्या डोक्याला. बल्ब लागला तर आतली तार शाबूत.

(बल्ब लागतो. पुन्हा लागतो. तिसऱ्यावर अंधार.)

एक प्लग मेला होता. आणि पट्टीचा एक नट इतका सैल, की उरलेल्या दोघांनाही नीट वीज जात नव्हती. सणाच्या दिवशी नवा प्लग कुठून आणणार? मिस्त्रींनी पट्टी घासून नट आवळले. "काका, आता दहा मोजा. मग क्लच दाबा, ॲक्सिलरेटर अर्धा, आणि मारा सेल्फ. दहा सेकंदांच्या वर मारू नका, नाही झालं तर मिनिटभर थांबा."

मालकांनी मोठ्यानं दहा मोजले. पोरांनीही.

(सेल्फ. एक ठोका. दोन. मग भडभड, भडभड, आणि तिसरं सिलिंडर धरतं. पांढऱ्या धुराचा लोट, पोरांचा कालवा.)

दोन सिलिंडरवर थरथरत उठला, इंजिन तापलं तसं तिसरंही लागलं. मिनिटभरात धूर विरळ झाला. आजींनी टायरला हळदीकुंकू लावलं.

(ट्रॅक्टर पाणंदीतून चाललाय. दोन्ही बाजूंना हरभरा, ज्वारी.)

रानात पोचेपर्यंत उलटी बाजूही सांगतो. सेल्फ जोरात फिरतोय आणि धूर अजिबातच नाही, तर डिझेल पोचत नाही असं समजा. आधी इंजिन बंद करायची दांडी ओढलेली राहिली नाही ना, ते बघा. हसू नका, मोठमोठे फसतात. मग फिल्टरच्या वाटीच्या तळाशी पाणी. पावसाळाभर अर्धी रिकामी राहिलेली टाकी आतून घाम धरते, म्हणून कामावरून आल्यावर संध्याकाळी टाकी भरून ठेवावी.

दिवसभर ट्रॅक्टर एका सेल्फात चालू होतो आणि पहाटेच रडवतो, असं असेल तर बहुतेक एअर धरलेली असते. चिरलेला रबरी पाइप किंवा दुसऱ्यांदा वापरलेला तांब्याचा वायसर रात्रभर हवा आत घेतो आणि पाइपातलं डिझेल माघारी टाकीत उतरतं. फिल्टरवरचा स्क्रू सैल करा, हँडपंप दाबत राहा, बुडबुडे थांबून डिझेलची सलग धार आली की स्क्रू आवळा. नोजलच्या पाइपाचा नट सैल करून सेल्फ मारायची वेळ आली, तर हात आणि चेहरा लांब ठेवा. तिथली धार कातडी फोडून आत घुसते. वरून टाचणीएवढी खूण दिसते, पण काही तासांचा उशीरही बोट घालवू शकतो. असं झालं तर थेट दवाखाना.

आणि कॅनमधलं डिझेल. आयएस 1460 या भारतीय मानकात डिझेलला ऋतू आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतलं डिझेल 6 अंशांपर्यंत फिल्टरमधून वाहिलं पाहिजे. बाकीच्या महिन्यांत ही मर्यादा 18 अंशांची आहे. म्हणजे पेरणीच्या वेळी भरून ठेवलेल्या कॅनमधलं डिझेल आजच्या पहाटे मेणासारखं धरू लागलं, तर त्यात भेसळच असेल असं नाही. ते उन्हाळी डिझेल आहे. त्यात रॉकेल ओतू नका, डिझेलवरच वंगण मिळणारा पंप कोरडा पडून झिजतो. हिवाळ्यात थोडं थोडं, ताजं आणा.

हे सगळं बघूनही पांढरा धूर हटत नसेल, ऑइल घटत असेल, इंजिनाच्या श्वासनळीतून फुसफुस येत असेल, तर मात्र रिंगा आणि व्हॉल्व्ह झिजले. तिथं घरचा इलाज नाही, पैसे साठवून काम काढावं.

(कोपी. आंबिलाचे पेले. ट्रॅक्टर बाभळीखाली उभा.)

तिसऱ्या दिवशी तालुक्याहून नवा प्लग आला. चौथ्या दिवशी पहाटे आम्ही पुन्हा याच अंगणात कॅमेरा लावला. तापमान 8 अंश, येळवशीपेक्षा एक अंश कमी. मालक सीटवर बसले, न्यूट्रल बघितला, चावी हीटरवर धरून ओठातल्या ओठात दहा मोजले आणि क्लच दाबला.

(सेल्फ : घर्घर्. इंजिन लगेच चालू. धुराची एक फुंकर, मग काहीच नाही. मालक खाली उतरून फवारणीची टाकी जोडू लागतात.)