गॅरंटी नेमकी कशाची? सराफाच्या पावतीतलं बारीक अक्षर

(दृश्य: काउंटरवर ठेवलेली पावती. कॅमेरा वजनाच्या रकान्यावर थांबतो.)

एकूण वजन 18.640 ग्रॅम. काळे मणी आणि दोरा 3.220. निव्वळ सोनं 15.420. मंगळसूत्राच्या पावतीवर हे तीन आकडे वेगवेगळे लिहिलेले असले, तर पुढची निम्मी भांडणं होतच नाहीत. एकच आकडा असेल, तर तिथेच थांबून विचारायचं: यातलं सोनं किती?

हिशेब करून पाहू. दर रोज बदलतो, म्हणून 22 कॅरेटचा दर ग्रॅमला 9,000 रुपये धरू. 15.420 ग्रॅमचे झाले 1,38,780. मजुरी 12 टक्के, म्हणजे 16,653 रुपये 60 पैसे. या बेरजेवर 3 टक्के जीएसटी, 4,663 रुपये. हॉलमार्किंगचे, म्हणजे शुद्धतेच्या शिक्क्याचे, एका नगामागे 45 रुपये आणि त्यावरचा कर. एकूण सुमारे 1,60,150. आता हेच मणी सोन्याच्या वजनात धरले तर काय होतं? 3.220 ग्रॅम काचेच्या मण्यांना सोन्याचा दर लागतो, त्यावर मजुरी लागते, त्यावर कर लागतो. फरक 33,400 रुपयांच्या वर जातो.

खड्यांचं तसंच. एक कॅरेट वजनाचा हिरा म्हणजे 0.200 ग्रॅम. अमेरिकन डायमंड म्हणून विकला जाणारा खडा त्याच आकाराच्या हिऱ्यापेक्षा दीडपटीहून जड भरतो. म्हणून खड्यांचं वजन आणि खड्यांची किंमत या दोन्ही गोष्टी पावतीवर वेगळ्या हव्यात. काही पावत्यांवर मजुरी आणि घट असे दोन रकाने असतात. घट म्हणजे घडवताना तासलं, उडालं, जळालं ते सोनं. बऱ्याच ठिकाणी ती मजुरीच्या टक्क्यांत आधीच धरलेली असते. दोन्ही स्वतंत्र लावली असतील तर दोन्ही मिळून किती टक्के होतात ते काढा आणि त्या आकड्यावर घासाघीस करा.

(दृश्य: ठुशी, कोल्हापुरी साज, बोरमाळ. कारागिराच्या हातात लाखेची कांडी.)

आपल्या पारंपरिक दागिन्यांत एक खाचखळगा आणखी आहे. ठुशीचे मणी, साजातली पानं, बोरमाळेची बोरं पातळ पत्र्याची असतात आणि आत लाख भरलेली असते. लाख नसेल तर पत्रा चेपेल, त्यामुळे ती भरण्यात लबाडी काही नाही. लबाडी होते ती वजनात. लाख भरण्याआधी पत्र्याचं वजन किती होतं, हे कारागिराला ठाऊक असतं आणि दुकानाच्या वहीत असतं. तेच पावतीवर मागायचं. नाहीतर दहा वर्षांनी मोडीला नेल्यावर सराफ डाग, म्हणजे दागिना, तापवतो, लाख वितळून बाहेर येते, काटा खाली उतरतो आणि घरचे म्हणतात, सराफानं सोनं मारलं. मारलं खरं, पण त्या दिवशी नव्हे. विकत घेतलं त्या दिवशी.

(दृश्य: भिंगातून दिसणारा लेझरचा शिक्का.)

आता कसाबद्दल, म्हणजे सोन्याच्या शुद्धतेबद्दल. 16 जून 2021 पासून देशातल्या 256 जिल्ह्यांत हॉलमार्किंग सक्तीचं झालं. 1 जुलैपासून एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र ओळख क्रमांक, आला आणि 1 एप्रिल 2023 पासून हा क्रमांक नसलेला सोन्याचा दागिना विकायला सराफाला मनाई आहे. दागिन्यावर तीन खुणा शोधायच्या: बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) त्रिकोणी बोधचिन्ह, शुद्धता, उदाहरणार्थ 22के916, आणि एचयूआयडी. अक्षरं इतकी बारीक असतात की नुसत्या डोळ्यांनी वाचता येत नाहीत. भिंग मागा. दहापट मोठं दाखवणारं भिंग प्रत्येक सराफाकडे असतं.

मग मोबाइलवर बीआयएस केअर ॲप उघडून एचयूआयडी पडताळणीत ती सहा अक्षरं भरा. सराफाची नोंदणी, हॉलमार्क करणारं केंद्र, शुद्धता आणि दागिन्याचा प्रकार दिसतो. लोक शुद्धता पाहून ॲप बंद करतात. खरी पकड प्रकारात आहे. हातात बांगडी आणि ॲपवर अंगठी दिसत असेल, तर क्रमांक दुसऱ्याच डागाचा आहे. तिथे खरेदी थांबवा.

सगळ्याच डागांवर शिक्का सापडेल असं मात्र नाही. दोन ग्रॅमच्या आतल्या वस्तूंना सूट आहे, म्हणून चमकीवर एचयूआयडी नाही यात फसवणूक नाही. कुंदन, पोलकी, जडाऊ यांनाही सूट आहे, आणि नेमकी तिथेच सोन्याचं वजन, खड्यांचं वजन आणि कस पावतीवर लिहून घेण्याची गरज सर्वांत जास्त. घरातल्या जुन्या, बिनशिक्क्याच्या सोन्याची चिंता नको. ते मोडायला किंवा बदलायला शिक्का लागत नाही. सक्ती विकणाऱ्या सराफावर आहे. आणि कोणी केडीएम म्हणजे उत्तम सोनं असं सांगत असेल तर ऐकून सोडून द्या. केडीएम हे कॅडमियमच्या झाळीचं, म्हणजे सांधे जोडायच्या धातूचं, नाव. कसाचं प्रमाण ते कधीच नव्हतं.

संशय आला तर भांडण्याआधी तपासणी करा. बीआयएसची मान्यता असलेल्या हॉलमार्किंग केंद्रात ग्राहकाला थेट जाता येतं. चार नगांपर्यंत 200 रुपये, पाच किंवा जास्त असतील तर नगाला 45. दुकानातल्या कॅरेट मीटरवर विसंबू नका. ते यंत्र क्ष-किरणांनी पृष्ठभाग वाचतं. मुलामा असेल, पॉलिश असेल किंवा झाळ नेमकी तिथेच असेल तर आकडा हलतो. वाद टोकाला गेला की सोन्याचा नमुना आगीत शुद्ध करून वजन करण्याची जुनी पद्धतच ग्राह्य धरतात.

कस कमी निघाला तर काय मिळतं, हे बहुतेकांना माहीत नसतं. बीआयएस नियम 2018 मधला 49 वा नियम सांगतो: कमी भरलेल्या शुद्धतेच्या किमतीची दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च. 20 ग्रॅमच्या बांगड्या 916, म्हणजे हजारात 916 भाग शुद्ध, म्हणून घेतल्या आणि निघाल्या 880. हजारात 36 भाग कमी. 20 ग्रॅमवर 0.720 ग्रॅम शुद्ध सोनं. शुद्ध सोन्याचा दर 10,000 धरला तर 7,200 रुपये, दुप्पट 14,400. तक्रार बीआयएस केअर ॲपवरूनच करता येते. मुंबई, पुणे आणि नागपूरला ब्युरोची कार्यालयं आहेत. वजनाबद्दल तक्रार असेल तर दार वेगळं, वैधमापन शास्त्र विभागाचं. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी करून घ्यावी लागते. प्रमाणपत्र दुकानात लावलेलं असायला हवं, तारीख वाचायला कोणाची परवानगी लागत नाही.

(दृश्य: तुटलेली साखळी, चेपलेली पोकळ बांगडी, खडा निसटलेलं कोंदण.)

इथपर्यंत कायदा तुमच्या बाजूनं बोलतो. पुढे दुकानाचा शब्द सुरू होतो. काउंटरवर ‘लाइफटाइम गॅरंटी’ ऐकू येते तेव्हा ती कशाची, हे विचारणारं गिऱ्हाईक विरळा. साखळी तुटली तर झाळ फुकट? खडा पडला तर खडा मिळेल, की फक्त बसवून मिळेल? रंग उतरला तर पॉलिश किती वेळा? यातलं काहीही कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही. पावतीच्या मागे किंवा गॅरंटी कार्डावर जे छापलंय तेवढंच तुमचं.

काही तक्रारी मुळात दोषाच्या नसतात. पांढऱ्या सोन्यावरचा रोडियमचा मुलामा वापरानं उतरतोच, तो पुन्हा चढवावा लागतो. 22 कॅरेट सोनं मऊ असतं, म्हणून हिरे बहुतेक 18 कॅरेटमध्ये बसवतात. 22 मध्ये बसवले तर कोंदणाची नखं लवकर वाकतात. पोकळ बांगडीला पोचा पडला की तो बाहेरून नीट काढता येत नाही. पोकळ दोरी चेन तुटली की झाळेच्या जागी कडक होते आणि शेजारून पुन्हा तुटते. कमी वजनात मोठं दिसणारं काही घेताना दुकानदारानं हे सांगायला हवं. तो सांगत नाही. मात्र महिन्याभरात कडी उघडली, फिरकी फिरेनाशी झाली, दोन-तीन खडे एकदम निघाले, तर तो कामातला दोष आहे आणि तो दुकानानं निस्तरायचा.

दुरुस्तीला टाकताना होणारी चूक सगळीकडे सारखी: ओळखीचा सराफ म्हणून डाग नुसता हातात देणं. देतानाचं वजन मिलिग्रॅमपर्यंत, एचयूआयडी, खड्यांची संख्या आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी घ्या. काट्यावर ठेवलेल्या डागाचा, आकडा दिसेल असा फोटो काढा. परत घेताना त्याच काट्यावर पुन्हा वजन. पॉलिशमध्ये थोडं सोनं घासलं जातं. किती जाईल हे आधी विचारून ठेवा.

(दृश्य: ‘100 टक्के मोड’ असा फलक.)

सर्वांत जास्त कटुता मोडीवरून येते. शंभर टक्के म्हणजे तुम्ही दिलेल्या पैशांचे शंभर टक्के नव्हेत. निव्वळ सोन्याच्या वजनाचे, त्या दिवशीच्या दरानं. मघाचं मंगळसूत्र दर तेवढाच असताना महिन्याभरात परत नेलं, तर मजुरी, जीएसटी आणि हॉलमार्किंग मिळून 21,300 रुपयांच्या वर रक्कम गेलीच. वर शंभर टक्के कशाला लागू, बदल्यात दुसरा डाग घेतला तर की रोख हवी असली तरी, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. हिऱ्यांच्या मोडीचा टक्का सोन्यापेक्षा निराळा असतो, आणि प्रमाणपत्र हरवलं तर अनेक दुकानं तो आणखी खाली आणतात. प्रयोगशाळेत तयार केलेल्या हिऱ्यांची मोड तर विकत घेण्याआधीच लेखी विचारा.

दरमहा पैसे भरून सोनं घेण्याच्या योजना अकरा महिन्यांच्या का असतात? वस्तूपोटी घेतलेला आगाऊ पैसा कंपनीनं 365 दिवसांत वस्तू देऊन वळता केला नाही, तर तो ठेव ठरतो आणि ठेवींचे नियम लागू होतात. म्हणून भरताना तीन गोष्टी पासबुकात बघा: सोनं हप्त्याच्या दिवशीच्या दरानं जमा होतंय की शेवटच्या दिवशीच्या, मजुरीत सूट कोणत्या डागांवर, आणि मध्येच थांबलात तर पैसे परत की फक्त दागिना. दरवर्षी भरघोस व्याज देऊ करणारा सराफ सोनं विकत नाही, ठेवी गोळा करतो. अशा ठिकाणी पैसे अडकले तर ग्राहक आयोगाच्या आधी पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे जा. ठेवीदारांच्या हितरक्षणाचा महाराष्ट्राचा 1999 चा एमपीआयडी कायदा त्यासाठीच आहे.

(दृश्य: जिल्हा ग्राहक आयोगाची पाटी.)

तक्रार करायची तर सुरुवात दुकानाला लेखी पत्रानं. ईमेल आणि रजिस्टर पोस्ट, दोन्ही. काय घेतलं, पावती क्रमांक, दोष, मागणी आणि 15 दिवसांची मुदत. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या छापील ओळीनं दबून जाऊ नका. दोष असलेला माल बिलातल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. पावती न देणं हीसुद्धा. मात्र डिझाइन आवडलं नाही हा दोष होत नाही.

उत्तर आलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. त्यानंतर जिल्हा आयोग. 50 लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार तिथे चालते, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत जायला हवं. दागिना कोल्हापूरच्या गुजरीत घेतला असेल आणि तुम्ही ठाण्यात राहत असाल, तर तक्रार ठाण्यात करता येते. ई-जागृती संकेतस्थळावरून घरबसल्याही. तपासणी लागणार असेल तर कायद्यात पाच महिन्यांचं लक्ष्य आहे. प्रत्यक्षात तारखा लांबतात.

आयोग नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्यामुळे वाद सुरू झाल्यावर तो डाग दुसऱ्या सराफाकडून दुरुस्त करून घेऊ नका, पॉलिश करू नका, वापरूही नका. मूळ पावती, गॅरंटी कार्ड, हिऱ्याचं प्रमाणपत्र आणि कार्डानं किंवा यूपीआयनं पैसे दिल्याची नोंद एका पाकिटात ठेवा. पावतीच्या दोन्ही बाजूंचे फोटो आजच काढा, कारण थर्मल कागदावरची अक्षरं हळूहळू उडतात.