न लागलेला लाल दिवा

(गॅरेजमधली सकाळ. बॉनेट उघडे असलेली एक जुनी छोटी पेट्रोल गाडी.)

ही गाडी पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा धक्का मारून सुरू करावी लागली आहे. पहिल्या खेपेस बॅटरीचे वय झाले असावे असे समजून मालकांनी नवी बॅटरी बसवून घेतली आणि तीही आठवडाभरात उतरली. चमत्कारिक गोष्ट अशी की, मध्ये एका रविवारी गाडी महामार्गावरून लांबच्या गावी जाऊन आली, तेव्हा मात्र पुढचे दोन दिवस ती पहिल्याच सेल्फला सुरू होत होती. दुखण्याचे मूळ या शेवटच्या तपशिलात आहे. पण ते उमगण्यासाठी बॅटरीकडून नेमके कोणते काम करून घेतले जाते आणि तिचे देणे तिला कोण परत करते, हे आधी पाहायला हवे.

स्टार्टर मोटर इंजिन फिरवताना सुमारे १५० अँपिअर प्रवाह ओढते, पण जेमतेम दोन सेकंद. म्हणजे खर्च झाला ३०० अँपिअर-सेकंदांचा. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी पूर्ण भरलेली असेल, तर तिच्यात १,२६,००० अँपिअर-सेकंदांचा साठा असतो, आणि एका सेल्फला त्यातला पाव टक्काही लागत नाही. याउलट, गाडी बंद करून हेडलाइट चालू राहिले, तर दोन्ही दिवे मिळून सुमारे १० अँपिअर घेतात आणि तीन तासांत बॅटरीतून जे वाहून जाते ते साडेतीनशे वेळा सेल्फ मारण्याइतके असते. इंजिन एकदा सुरू झाले की पुढे स्पार्क प्लग, पेट्रोलचा पंप, दिवे, वायपर, हॉर्न हे सगळे अल्टरनेटरच्या, म्हणजे इंजिन बेल्टने फिरवते त्या वीज तयार करणाऱ्या यंत्राच्या, विजेवर चालते आणि त्याच्या दारातल्या गिऱ्हाइकांच्या रांगेत बॅटरीही उभी राहते.

(टेबलावर खोलून ठेवलेला अल्टरनेटर.)

टेबलावर आहे तो अल्टरनेटरच. मधला फिरणारा भाग म्हणजे रोटर. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंतवावीत, तसे लोखंडाचे दोन पंजे येथे एकमेकांत बसवलेले आहेत. प्रत्येक पंजाला सहा बोटे आहेत आणि त्यांच्या पोटात तांब्याच्या तारेचे एक वेटोळे आहे. या वेटोळ्यातून प्रवाह सोडला की एका पंजाची सर्व बोटे उत्तर ध्रुव होतात आणि दुसऱ्याची दक्षिण, त्यामुळे परिघावर एकाआड एक असे बारा ध्रुव तयार होतात. रोटरभोवती न हलणारा स्टेटर असतो. त्याच्या खाचांमध्ये तांब्याची तीन वेटोळी ठरावीक अंतराने गुंडाळलेली असतात.

मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिले की तारेच्या वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलत राहिले तर तारेत वीज निर्माण होते, आणि हा बदल जितका वेगाने व्हावा तितका तिचा दाब, म्हणजे व्होल्टेज, वाढतो. इंजिन नुसते हळू फिरत असते, तेव्हाही बेल्ट आणि लहान पुलीमुळे रोटर मिनिटाला २,००० फेरे घेतो, म्हणजे स्टेटरच्या प्रत्येक खाचेसमोरून सेकंदाला सुमारे ४०० ध्रुव सरकून जातात. वीज तयार होणे हा या यंत्रातला सोपा भाग आहे. अवघड आहे ते तिला लगाम घालणे.

ज्यांनी जुन्या सायकलचा डायनॅमो पाहिला आहे, त्यांना ही अडचण सांगावी लागणार नाही. चढावर दिवा मिणमिणता होत असे आणि उतारावर सायकल सुटली की लख्ख पेटत असे, कारण त्या डायनॅमोतला चुंबक कायमस्वरूपी होता आणि दाब केवळ चाकाच्या वेगावर ठरत होता. मोटारीचे इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांपासून ६,००० फेऱ्यांपर्यंत कुठेही फिरत असते. बॅटरीला मात्र हवा असतो १४ व्होल्टच्या आसपासचा, जवळजवळ न हलणारा दाब. वेग चालकाच्या पायाखाली आहे, त्याला हात लावता येत नाही. स्टेटरचे वेढे कारखान्यात ठरून गेलेले आहेत. बदलता येण्याजोगी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे चुंबकाची ताकद. म्हणूनच रोटरमध्ये कायमचा चुंबक न बसवता तारेचे वेटोळे ठेवलेले असते, आणि माझ्या मते या यंत्रातले सगळ्यात शहाणपणाचे काम तेच आहे.

त्या वेटोळ्याला प्रवाह पुरवतो रेग्युलेटर. बॅटरीचा दाब १४.२ व्होल्टच्या वर चढू लागला की तो रोटरचा प्रवाह तोडतो, जरा उतरला की पुन्हा जोडतो, आणि ही उघडझाप एका सेकंदात अनेक वेळा चालते. हा प्रवाह केवळ तीन-चार अँपिअरचा असल्यामुळे तो दोन गुळगुळीत कड्यांवर टेकलेल्या कार्बन ब्रशांमधून निर्धोकपणे आत पोचवता येतो. पूर्वीच्या मोटारींतल्या डायनॅमोत नेमके उलट होते. तिथे वीज फिरत्या भागात तयार होत असे आणि सगळा जड प्रवाह ब्रशांवाटे बाहेर काढावा लागत असे. शिवाय इंजिन हळू फिरत असताना तो जवळजवळ काहीच देत नसे. रात्री सिग्नलला थांबल्यावर जुन्या गाडीचे दिवे पिवळे पडत ते यामुळेच.

स्टेटरमधली वीज प्रत्यावर्ती असते, तिची दिशा सतत पालटते, आणि बॅटरीला ती तशीच दिली तर भरणे-उपसणे एकाच वेळी चालू राहील. त्यासाठी मागच्या बाजूला सहा डायोडांची प्लेट असते. डायोड म्हणजे प्रवाहासाठी एकाच बाजूला उघडणारे दार. तीन वेटोळ्यांपैकी प्रत्येकाला दोन दारे मिळतात, एक धन बाजूकडे आणि एक ऋण बाजूकडे, आणि पुढेमागे हेलकावणाऱ्या तीन लाटांमधून एकाच दिशेचा प्रवाह बाहेर पडतो. गाडी बंद असताना बॅटरीची वीज उलटी स्टेटरमध्ये शिरत नाही, तीही या डायोडांमुळेच. डायनॅमोच्या काळात त्यासाठी वेगळा कटआउट, म्हणजे उलटा प्रवाह तोडणारा स्विच, लागत असे. पुरेशा दणकट आणि परवडणाऱ्या सिलिकॉन डायोडांची निर्मिती होऊ लागल्यावरच, म्हणजे १९६० च्या सुमारास, अल्टरनेटर साध्या मोटारींत आला.

(बॅटरीचे झाकण उघडून मिस्त्री द्रवाची घनता दाखवणारा हायड्रोमीटर बुडवतात.)

आता बॅटरीच्या आत. शिशाच्या प्लेटा, शिशाच्या ऑक्साइडच्या प्लेटा आणि मध्ये विरल सल्फ्युरिक आम्ल, ही मांडणी गॅस्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये केली आणि मूळ तत्त्व आजही तेच आहे. वीज खर्च होत असताना आम्लातले सल्फेट दोन्ही प्लेटांवर जाऊन बसते आणि द्रव पाण्यासारखा होत जातो. म्हणून हायड्रोमीटर भरलेल्या बॅटरीत १.२७ च्या आसपास असतो आणि उतरलेल्या बॅटरीत १.१५ च्या जवळ खाली येतो. प्लेटांवरचे सल्फेट पुन्हा आम्लात परतवायचे, तर बॅटरीवर तिच्या स्वतःच्या दाबाहून अधिक दाब द्यावा लागतो. भरलेल्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्ट, अल्टरनेटरचा १४.२. ही दीड व्होल्टची चढण आहे तोवर प्रवाह आत जातो. बॅटरी भरत आली की तिचाच दाब वर येतो, चढण कमी होते आणि प्रवाह आपोआप मंदावतो. त्यामुळे पूर्ण उतरलेली बॅटरी बाजारापर्यंतच्या एका चकरेत भरत नाही, तिला काही तास लागतात. दाब याहून बराच वाढवून घाई केली, तर द्रवातले पाणी फुटून हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघू लागतो. बॅटरीजवळ विडी-काडी नको, हा गॅरेजमधला दंडक त्यातूनच आलेला आहे.

वीज फुकट येत नाही, हे इंजिनाच्या आवाजावरूनही कळते. मिस्त्री गाडी सुरू ठेवून हेडलाइट आणि काचेचा हीटर एकदम लावतात. आवाज क्षणभर दबतो आणि सावरतो. स्टेटरमधला वाढलेला प्रवाह स्वतःचे चुंबकीय क्षेत्र उभे करून रोटरला अडवतो, आणि त्या अडवणुकीविरुद्ध रोटर फिरवण्यासाठी जादा पेट्रोल जळते. ५० अँपिअर द्यायचे, तर बेल्टवरून दीड अश्वशक्ती खर्ची पडते. पहिल्या पावसात सैल बेल्ट किंचाळतो तो या भारामुळे.

चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढून अल्टरनेटर तपासण्याची जुनी सवय अजून काही ठिकाणी दिसते. ती सोडलेली बरी, कारण बॅटरीचा आधार सुटताच दाब एकदम उसळतो आणि त्यात इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात. मिस्त्रींनी तसे न करता मल्टिमीटर लावला आहे. इंजिन हळू फिरते आहे आणि आकडा आहे १२.१ व्होल्ट. चार्जिंग नाही. ॲक्सिलरेटर जोरात दाबला, तर अचानक १४.२, आणि पाय काढल्यावरही तो तिथेच राहतो.

या जुन्या मांडणीत किल्ली फिरवल्यावर बॅटरीचा प्रवाह डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यातून रोटरकडे जातो. दिवा लागतो, आणि त्याच अल्पशा प्रवाहाने रोटरला पहिले चुंबकत्व मिळते. अल्टरनेटर वीज देऊ लागला की दिव्याच्या दोन्ही टोकांना सारखाच दाब येतो, म्हणून तो विझतो. या गाडीत तो बल्बच गेलेला होता. पंजांच्या लोखंडात शिल्लक राहिलेले किंचित चुंबकत्व काय ते आधाराला होते, आणि तेवढ्याने काम सुरू व्हायला रोटर फार वेगाने फिरावा लागतो. महामार्गावर तो वेग मिळाला, गल्लीबोळांतल्या दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत मिळाला नाही. किल्ली फिरवल्यावर जो दिवा लागायला हवा तो लागत नाही, हे कुणाच्या लक्षात येत नाही. लागू नये तो लागला तरच आपण पाहतो.

(नवा बल्ब. किल्ली अर्धी फिरते, लाल दिवा लागतो. इंजिन सुरू होते, दिवा विझतो.)

मीटरवर १४.२. आधी बदलून टाकलेली बॅटरी कोपऱ्यात चार्जिंगला लावलेली आहे. सकाळी तिचा हायड्रोमीटर १.१८ दाखवत होता, आता दुपारी १.२४ दाखवतो आहे.